ओसीआय कार्ड : दुसऱ्या पासपोर्टची गरज कितपत भागते?

परदेशी नागरिकत्वाचा अर्ज भरायची वेळ आली की मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो : तिकडचा पासपोर्ट घेतला तरी इकडचा ठेवता येईल का? कायद्याने याचे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. भारताच्या राज्यघटनेचे नववे कलम आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचेही नववेच कलम एकच तत्त्व सांगते : स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वीकारले की भारतीय नागरिकत्व आपोआप संपते, त्यासाठी कोणी वेगळा आदेश काढावा लागत नाही. तरीही महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आणि व्हॉट्सॲपच्या गटांवर “ओसीआय काढून घ्या, म्हणजे दोन्ही पासपोर्ट असल्यासारखेच” असा सल्ला बिनदिक्कत दिला जातो आणि घेणारे तो तितक्याच विश्वासाने घेतात. ओसीआय म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे, आजन्म व्हिसासारखे कार्ड. आमच्या घरी अमेरिकेत हे कार्ड गेली बरीच वर्षे वापरात आहे. पासपोर्टवर स्टिकर चिकटवण्याच्या काळापासून आजच्या पोर्टलपर्यंतची त्याची वाटचाल आम्ही जवळून पाहिली आहे, आणि खरोखरीच दोन देशांचे दोन पासपोर्ट बाळगणारी मंडळीही कचेरीत रोज भेटतात. त्यामुळे तुलना करायला फार दूर जावे लागत नाही. माझे मत आधीच सांगते. व्हिसा म्हणून पाहिले तर हे कार्ड उत्तम आहे. दुसरा पासपोर्ट समजून घेतले तर आज ना उद्या, आणि बहुधा नेमक्या अडचणीच्या वेळी, ते अपुरे पडते.

या योजनेचा जन्मच तडजोडीतून झालेला आहे. परदेशस्थ भारतीयांच्या मागण्यांचा विचार करण्यासाठी २००० साली लक्ष्मीमल्ल सिंघवी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने जानेवारी २००२ मध्ये दिलेल्या अहवालात दुहेरी नागरिकत्वाची शिफारस केली. त्यानुसार २००३ च्या दुरुस्तीत १६ देशांपुरती सोय झाली, २००५ मध्ये पाकिस्तान आणि बांगलादेश वगळून ती सर्वांना खुली झाली आणि जानेवारी २००६ मध्ये हैदराबादच्या प्रवासी भारतीय दिवसात योजनेचा औपचारिक प्रारंभ झाला. शिफारशीतून कायद्यात येईपर्यंत मात्र मतदान गेले, निवडणूक लढवणे गेले, सरकारी नोकरीतील समान संधीचा हक्क गेला आणि उरला तो आजन्म, कितीही वेळा येण्याजाण्याचा परवाना. त्याआधीपासून चालत आलेले पीआयओ, म्हणजे ‘पर्सन ऑफ इंडियन ओरिजिन’, कार्ड ९ जानेवारी २०१५ रोजी ओसीआयमध्ये विलीन करण्यात आले, तेव्हा आता बाजारात हे एकच ‘उत्पादन’ शिल्लक आहे.

ते मिळवण्याची प्रक्रिया दोन टप्प्यांची आहे, आणि पहिला टप्पा अनेकांच्या मनाला लागतो, कारण तो जुना भारतीय पासपोर्ट परत करण्याचा असतो. पासपोर्ट पाठवल्यावर तो रद्द झाल्याचा शिक्का मारून परत येतो आणि सोबत सरेंडर सर्टिफिकेट मिळते. ही दोन्ही कागदपत्रे आयुष्यभर जपून ठेवावीत, कारण पुढे मुलांच्या आणि नातवंडांच्या अर्जात भारतीय मूळ सिद्ध करायला तीच कामी येतात. अमेरिकेत आणखी एक गोम आहे. नागरिकत्वाच्या शपथविधीला ग्रीन कार्ड काढून घेतले जाते, भारतीय पासपोर्ट त्या क्षणापासून प्रवासाला निरुपयोगी होतो आणि अमेरिकी पासपोर्ट अजून हाती आलेला नसतो. या मधल्या काळात आपल्याजवळ प्रवासाचे एकही वैध कागदपत्र नसते. घरात भारतातले लग्न ठरलेले असेल किंवा आईवडिलांची प्रकृती तोळामासा असेल तर शपथविधीची तारीख आणि विमानाचे तिकीट यांच्यात पुरेसे अंतर ठेवणे शहाणपणाचे. अमेरिकी पासपोर्ट आल्यावर, ओसीआयची वाट न पाहता, साधा व्हिसा काढूनही भारतात जाता येते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही आणि ते उगाच घायकुतीला येतात.

दुसरा टप्पा म्हणजे ओसीआयचा अर्ज. परदेशातून नवा अर्ज करताना सरकारी शुल्क २७५ डॉलर आहे, भारतात राहून केल्यास १५,००० रुपये. त्यावर अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीचे सेवाशुल्क आणि टपालखर्च वेगळा. चौघांच्या कुटुंबाला नुसते सरकारी शुल्कच १,१०० डॉलर पडते. एकदाच भरायचे असल्यामुळे ही रक्कम मला जाचक वाटत नाही. दर काही वर्षांनी व्हिसा काढत राहण्यापेक्षा ती दीर्घकाळात स्वस्तच पडते. जाच असतो तो अर्ज भरण्याचा. फॉर्मचे दोन भाग असतात, छायाचित्र चौरसच लागते, आणि स्वाक्षरीची प्रतिमा उंचीच्या तिप्पट रुंद असावी लागते. आपली सही लांबलचक असली तर प्रश्न येत नाही, पण ज्यांची सही दोन अक्षरांची आणि उभट आहे त्यांना कोऱ्या कागदावर नेमकी आडवी जागा सोडून ती पुन्हा पुन्हा काढावी लागते. छायाचित्राची गंमत याहून वेगळी आहे. अमेरिकी पासपोर्टला आणि ओसीआयला दोन्हीकडे दोन इंच बाय दोन इंच आकार चालतो. मात्र अमेरिकी नियमाला पार्श्वभूमी पांढरी लागते आणि आम्ही अर्ज केला तेव्हाच्या ओसीआयच्या सूचनांत ती फिकट रंगाची, पण पांढरी नसलेली, हवी होती. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात फोटो काढणाऱ्या मुलाला हे समजावून सांगणे कठीण गेले. अखेरीस घरच्याच फिकट निळ्या चादरीपुढे उभे राहून काम भागवले. अर्ज भरण्यापूर्वी त्या दिवशीच्या सूचना पोर्टलवर वाचाव्यात. दोन वर्षांपूर्वी अर्ज केलेल्या मित्राचे ऐकू नये.

कागदपत्रे स्वीकारणाऱ्या केंद्राचा अनुभव मात्र मनस्ताप देणारा होता. आमचा एक अर्ज परत आला. कारण काय, तर विजेच्या बिलावरच्या पत्त्यात ‘अपार्टमेंट’ हा शब्द पूर्ण लिहिलेला होता आणि वाहन परवान्यावर त्याऐवजी नुसते हॅशचे चिन्ह होते. फोनवर बोलणाऱ्या प्रत्येकाने वेगळे उत्तर दिले आणि कोणीही स्वतःच्या उत्तराची जबाबदारी घेतली नाही. सरकारने १९ मे २०२५ रोजी ओसीआयचे नवे पोर्टल सुरू केले आहे. त्यात अर्ज अर्धवट जतन करणे, अर्जाच्या प्रकारानुसार कागदपत्रांची वर्गवारी दिसणे आणि भरलेली माहिती दुरुस्त करता येणे अशा सोयी आहेत. पोर्टलवरचा भाग त्यामुळे खरोखर सुसह्य झाला आहे. पाकीट पोहोचल्यानंतरचा भाग कितपत सुधारला, हे ज्याच्या त्याच्या नशिबावर आहे असे म्हणावे लागते.

मराठी नावांसाठी एक स्वतंत्र परिच्छेद खर्च करायला हवा. आपल्याकडे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे असतात, आणि भारतीय पासपोर्टवर पहिली दोन्ही पदे एकाच रकान्यात बसवलेली असतात. परदेशी नागरिकत्व घेताना कोणी मधले नाव गाळून टाकतो, कोणाच्या नावातून ‘राव’ किंवा ‘बाई’ निघून जाते, तर कोणी लग्नानंतर बदललेले नाव सोडून माहेरचे पुन्हा धारण करते. त्यातच शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला आणि पासपोर्ट यांतील रोमन स्पेलिंग तीन तऱ्हेचे असते. ओसीआय कार्डावरचे नाव परदेशी पासपोर्टशी तंतोतंत जुळावे लागते आणि जुन्या कागदांशी त्याचा संबंध मात्र आपल्याला पुराव्यानिशी दाखवावा लागतो. म्हणून मधल्या नावाचा निर्णय नागरिकत्वाच्या अर्जातच विचारपूर्वक घ्यावा. पतीचे किंवा वडिलांचे नाव भाराभर वाटले तरी ते ठेवल्याने पुढे भारतातील बँक, पॅन कार्ड आणि मालमत्तेच्या नोंदी या सगळ्यांत प्रतिज्ञापत्रांची माळ जपावी लागत नाही.

आता प्रत्यक्ष कार्डाविषयी. नाव कार्ड असले तरी ही पासपोर्टच्या आकाराची छोटी पुस्तिकाच आहे. मुखपृष्ठावर अशोकस्तंभ, आत छायाचित्र, नाव, जन्मतारीख आणि अर्ज करतेवेळच्या परदेशी पासपोर्टचा क्रमांक. दिसायला ती पासपोर्टसारखी आहे आणि गैरसमजाचे निम्मे मूळ त्या दिसण्यातच असावे. तिच्या बळावर जगातील कोणत्याही देशाच्या सीमेवर पाऊल टाकता येत नाही. भारतात येताना परदेशी पासपोर्ट आणि ही पुस्तिका दोन्ही मूळ स्वरूपात जवळ लागतात. भारतात आल्याचा आणि गेल्याचा शिक्का बसतो तो परदेशी पासपोर्टवर. भारतीय नागरिक नेपाळला मतदार ओळखपत्रावर जाऊ शकतो. ओसीआयधारकाला तिथे परदेशी पासपोर्ट आणि त्या पासपोर्टला लागू असलेला व्हिसा लागतो. भारतातून शेजारच्या देशात चार दिवस फिरून येण्याचा बेत करणाऱ्या मिश्र कुटुंबांनी हे आधी पाहून घ्यावे, कारण एकाच गाडीतल्या आजी-आजोबांना आणि नातवंडांना तिथे निरनिराळे नियम लागतात.

पूर्वी पुस्तिकेबरोबर पासपोर्टवर ‘यू’ व्हिसाचे स्टिकर चिकटवून मिळे. पासपोर्ट संपला की स्टिकर जुन्या पासपोर्टवरच राहत असे आणि मग नवा पासपोर्ट, जुना पासपोर्ट आणि पुस्तिका अशी तिहेरी बाडबिस्तऱ्याची वारी सुरू होई. जुना पासपोर्ट घरी राहिला म्हणून विमानतळावरून परत फिरलेल्यांच्या कथा त्या काळी प्रत्येक गावात ऐकू येत. मार्च २०२१ मध्ये जुना पासपोर्ट सोबत बाळगण्याची अट रद्द झाली, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये पुस्तिका पुन्हा पुन्हा बदलून घेण्याचा जाचही कमी झाला. आजचा नियम असा : विसाव्या वर्षापूर्वी ओसीआय मिळाले असेल तर वीस पूर्ण झाल्यानंतरच्या पहिल्या नव्या पासपोर्टवेळी एकदा नवी पुस्तिका घ्यावी लागते. त्याखेरीज विसाव्या वर्षापर्यंत प्रत्येक नव्या पासपोर्टची, आणि पन्नाशीनंतर एकदा, नव्या पासपोर्टची प्रत आणि नवे छायाचित्र तीन महिन्यांच्या आत पोर्टलवर चढवायचे असते. त्याला शुल्क नाही. वैवाहिक नात्याने ओसीआय मिळालेल्या परदेशी जोडीदाराला मात्र प्रत्येक नव्या पासपोर्टवेळी विवाह टिकून असल्याच्या घोषणापत्रासह कागद चढवावे लागतात.

नियम सुटसुटीत झाले तरी विमान कंपनीच्या काउंटरवर ते पोहोचायला वेळ लागतो. एका परदेशी विमानतळावर आमच्या पुस्तिकेतील पासपोर्ट क्रमांक नव्या पासपोर्टशी जुळत नाही म्हणून काउंटरवरील बाईंनी आम्हांला बाजूला उभे केले. रांग पुढे सरकत होती, मुले कंटाळून सामानाच्या गाडीवर बसली होती, आणि बाई संगणकावर ‘इंडिया’ची नोंद खालीवर करून वाचत होत्या. कागदपत्रे चढवल्याची पोहोचपावती मी छापून सोबत ठेवली होती. ती दाखवल्यावर त्यांनी वरिष्ठाला फोन केला आणि मग आमचे बोर्डिंग पास निघाले. सरकारी निवेदनात तर असेही स्पष्ट म्हटले आहे की नवा पासपोर्ट मिळाल्यापासून पोर्टलवर अंतिम पोहोच येईपर्यंतच्या काळातही भारतात ये-जा करण्यावर बंधन नाही. ते निवेदनही छापून बॅगेत ठेवावे. मोबाइलवर दाखवलेल्या मजकुरापेक्षा कागदाला काउंटरवर अजूनही अधिक मान आहे.

एकदा मुंबईत उतरले की मात्र या कार्डाचे खरे मोल कळते. कितीही दिवस राहा, परदेशी नागरिक म्हणून एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात, नोंदणी करावी लागत नाही. नोकरी करायची झाली तर वेगळा रोजगार-व्हिसा लागत नाही. डॉक्टर, परिचारिका, वकील, वास्तुविशारद, सनदी लेखापाल यांना संबंधित कायद्यांच्या अधीन राहून अनिवासी भारतीयांच्या बरोबरीने व्यवसाय करता येतो. आजारी आईवडिलांच्या उशाशी सहा महिने बसायचे असेल तर मुदत संपण्याची धास्ती नसते. माझ्या दृष्टीने २७५ डॉलर एवढ्या एका गोष्टीत वसूल होतात. इमिग्रेशनच्या बाबतीतही अलीकडे सुखद बदल झाला आहे. जून २०२४ मध्ये दिल्लीला सुरू झालेला आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह आणखी सात विमानतळांवर पोहोचलेला फास्ट ट्रॅक इमिग्रेशनचा कार्यक्रम भारतीय नागरिकांबरोबर ओसीआयधारकांनाही विनाशुल्क खुला आहे. आधी ऑनलाइन नोंदणी करायची, बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद द्यायची, आणि पुढच्या वेळी स्वयंचलित फाटकातून बाहेर पडायचे. पहाटेच्या वेळी एकामागून एक उतरणाऱ्या विमानांची गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना याची किंमत सांगायला नको.

लहानसहान फायदेही आहेत. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार देशांतर्गत विमानभाडे आणि स्मारके, संग्रहालये, राष्ट्रीय उद्याने यांचे प्रवेशशुल्क ओसीआयधारकाला भारतीय नागरिकाइतकेच आहे. अजिंठ्याला किंवा घारापुरीला भारतीयाचे तिकीट ४० रुपयांचे आणि परदेशी पर्यटकाचे ६०० रुपयांचे असते, तेव्हा मोठे कुटुंब घेऊन जाणाऱ्याने पुस्तिका हॉटेलच्या तिजोरीत ठेवून जाऊ नये. तिकीटखिडकीवरचा माणूस पुस्तिकेकडे क्षणभर संशयाने पाहतो, मग मुकाट्याने ४० चे तिकीट फाडतो.

आता खऱ्या दुहेरी पासपोर्टशी तुलना. माझ्या एका सहकाऱ्याची आजी आयर्लंडमध्ये जन्मलेली. त्या नात्याने त्याने आयरिश नागरिकत्वाची नोंद करून पासपोर्ट घेतला आणि अमेरिकी पासपोर्टही कायम ठेवला, कारण दोन्ही देशांना ते चालते. त्याची प्रवासाची शिस्त पाहण्यासारखी आहे. अमेरिकी नागरिकाने अमेरिकेत ये-जा अमेरिकी पासपोर्टवरच केली पाहिजे असा तिथला कायदा आहे, म्हणून निघताना आणि परतताना तो अमेरिकी पासपोर्ट दाखवतो. डब्लिनला किंवा पॅरिसला उतरल्यावर आयरिश काढतो. विमान कंपनीला तिकिटाच्या वेळी ज्या देशात उतरायचे त्या देशाच्या उपयोगाच्या पासपोर्टची माहिती देतो, आणि एका देशात ज्या पासपोर्टवर शिरला त्याच पासपोर्टवर तिथून बाहेर पडतो. आम्हांला अमेरिकी पासपोर्टवर युरोपातील शेंगेन गटाच्या देशांत १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही; त्याला ती मर्यादा नाही, तो तिथे घर घेऊन नोकरीही करू शकतो. तिसऱ्या देशात अडचण आली तर दोनपैकी कोणत्याही वकिलातीचे दार ठोठावता येते. अर्थात त्याच्याही सुखाला मर्यादा आहेत. १९३० च्या हेग करारातील तत्त्वानुसार, ज्या देशाचे नागरिकत्व माणसाजवळ आहे त्याच देशाविरुद्ध त्याच्या दुसऱ्या देशाला राजनैतिक संरक्षण देता येत नाही. पण त्याच्या दोन्ही पासपोर्टांमागे हक्क उभे आहेत. ओसीआयमागे, नागरिकत्व कायद्याच्या कलम ७-ब नुसार, केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या सवलती आहेत.

हा फरक किती मोठा आहे ते मार्च २०२० मध्ये सगळ्यांना कळले. कोविडमुळे ११ मार्चला निघालेल्या आदेशाने बहुतेक व्हिसांबरोबर ओसीआयची व्हिसामुक्त प्रवासाची सोयही १३ मार्चपासून स्थगित झाली. आजन्म असे लिहिलेली सोय दोन दिवसांच्या पूर्वसूचनेने थांबली. मे महिन्याच्या सुरुवातीला, परदेशात अडकलेल्यांना परत आणणाऱ्या वंदे भारत मोहिमेची विमाने निघाली तेव्हा ज्या कुटुंबांत आईवडील भारतीय पासपोर्टधारक आणि परदेशात जन्मलेली तान्ही मुले ओसीआयधारक होती त्यांची कोंडी झाली : आईला जागा मिळत होती, बाळाला नव्हती. २२ मे रोजी अशा अज्ञान मुलांना, कुटुंबातील मृत्यूसारख्या आपत्तीसाठी येणाऱ्यांना आणि आणखी काही गटांना मुभा मिळाली. सरसकट सर्व ओसीआयधारकांना दार उघडायला ऑक्टोबर उजाडला. महामारीत सरकारने कडक पावले उचलली याबद्दल माझी तक्रार नाही, कित्येक देशांनी तसेच केले. मात्र स्वतःच्या नागरिकाला दार कायमचे बंद ठेवता येत नाही आणि व्हिसाधारकाला ठेवता येते, हे त्या महिन्यांत स्पष्ट झाले.

सवलतींची यादी वाढते तशी ती आखडतेही. वर उल्लेखलेल्या २०२१ च्या अधिसूचनेनेच संशोधन, पत्रकारिता, धर्मप्रचार आणि गिर्यारोहण यांसाठी विशेष परवानगी आवश्यक केली; संरक्षित व प्रतिबंधित प्रदेशांत जाण्यासाठी तर ती पूर्वीपासूनच लागते. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर सहज भटकंती करणाऱ्याला याचा त्रास होण्याचे कारण नाही, पण हिमालयातील मोहिमेची तयारी करणाऱ्या किंवा भारतात पीएच.डी.चे क्षेत्रकार्य करू इच्छिणाऱ्या आपल्या मुलांनी अर्जाला आधीच लागावे. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशांत ओसीआय विद्यार्थी आता केवळ अनिवासी भारतीयांच्या किंवा अतिरिक्त जागांना पात्र आहेत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ही अट अधिसूचनेपूर्वी कार्ड मिळालेल्यांना लावता येणार नाही असा निर्णय दिला, म्हणजे एकाच घरातील थोरल्याला एक नियम आणि धाकटीला दुसरा असे घडू शकते. ऑगस्ट २०२५ च्या आणखी एका अधिसूचनेनुसार दोन वर्षांची किंवा त्याहून अधिक कैद झाल्यास, किंवा सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात नुसते आरोपपत्र दाखल झाल्यासही, नोंदणी रद्द होऊ शकते. शिक्षा झाल्यावर सवलत काढून घेणे समजू शकते. आरोपपत्राच्या टप्प्यावरच ती काढण्याची तरतूद मला अतिरेकी वाटते.

गावाकडे शेती असलेल्यांना सर्वांत जास्त गोंधळ जमिनीचा असतो. ओसीआयधारकाला भारतात सदनिका किंवा दुकान विकत घेता येते. शेतजमीन, मळ्याची जमीन आणि फार्महाउस विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित शेतजमीन वारसाहक्काने मात्र मिळू शकते. म्हणजे वडिलांच्या पश्चात सातबारावर वारस म्हणून नाव लागण्याला पासपोर्टचा रंग आड येत नाही. तलाठी कार्यालयात कोणी ‘तुम्ही आता परदेशी’ असे ऐकवले तरी नोंदीचा आग्रह धरावा. हिस्सा विकायचा झाला तर तो भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येतो, आणि महाराष्ट्रात कूळकायद्यानुसार घेणारा सहसा शेतकरीच असावा लागतो. भावकीतल्या वाटण्या आईवडिलांच्या हयातीत समजुतीने उरकून घेतलेल्या बऱ्या, हे ओसीआय असो वा नसो खरेच आहे.

परदेशात जन्मलेल्या मुलांबाबत एक बारीक मुद्दा आहे. आईवडील भारतीय नागरिक असतील तर जन्मापासून एका वर्षाच्या आत वकिलातीत नोंद करून बाळाला भारतीय नागरिकत्व मिळवता येते, पण त्यासाठी बाळाजवळ दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे लिहून द्यावे लागते. अमेरिकेत जन्मलेले बाळ जन्मतःच अमेरिकी नागरिक असल्याने आणि तिथे परतताना अमेरिकी पासपोर्ट लागणार असल्याने बहुतेक पालक ओसीआयच काढतात. व्यवहार पाहता ते बरोबरच आहे.

गोव्याची गोष्ट या सगळ्याहून निराळी आणि अधिक गुंतागुंतीची आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण आणि दीवमध्ये जन्मलेल्यांना पोर्तुगाल आपले नागरिक मानतो आणि त्यांच्या मुलानातवंडांनाही तो मार्ग मोकळा ठेवतो. लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात जन्म नोंदवला की पुढे पोर्तुगीज पासपोर्ट आणि त्याबरोबर युरोपीय संघात राहण्याचा व काम करण्याचा हक्क मिळतो. ब्रेक्झिटपूर्वी याच वाटेने कित्येक गोमंतकीय कुटुंबे इंग्लंडमधील स्विंडनला आणि लंडनच्या साउथॉलला स्थायिक झाली. भारताच्या दृष्टीने मात्र नागरिकत्व नियमांनुसार परदेशी पासपोर्ट घेणे हाच स्वेच्छेने नागरिकत्व स्वीकारल्याचा निर्णायक पुरावा ठरतो. नोव्हेंबर २०२२ मधील सूचनेनंतर अशा अनेकांना सरेंडर सर्टिफिकेटऐवजी पासपोर्ट रद्द केल्याचे, म्हणजे रिव्होकेशनचे, प्रमाणपत्र मिळू लागले. ओसीआयच्या अर्जाला सरेंडर सर्टिफिकेटच लागत असल्याने त्यांची वाट मध्येच तुटली : भारतीय पासपोर्ट गेला आणि ओसीआयही मिळेना. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने रिव्होकेशनचे प्रमाणपत्रही ओसीआयसाठी ग्राह्य धरण्याचा निर्णय दिला आणि ही कोंडी फुटली. ज्यांची लिस्बनमध्ये नुसती जन्मनोंद झाली आहे आणि पासपोर्ट अजून घेतलेला नाही, त्यांनी पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी गोव्यातील या विषयातल्या जाणत्या वकिलाकडे एक तास खर्च करावा. एजंटाला द्यायच्या पैशांपैकी थोडे तिथे दिले तर ते अधिक सत्कारणी लागतील, कारण एजंटाचे काम पोर्तुगीज पासपोर्ट हाती पडला की संपते आणि भारतातील घर, बँकखाते व मतदारयादीतील नाव यांचे प्रश्न त्यानंतर सुरू होतात.